काठीचा तोल

आबांबरोबर बांबू घ्यायला जायचं म्हणजे अख्खी सकाळ गेली, हे मला लहानपणीच कळलं होतं. शिरपूरच्या बाजारात सातपुड्यातल्या गावांमधून बांबूच्या मोळ्या यायच्या. लोक कुडासाठी, मांडवासाठी, केळीच्या टेकूंसाठी गाडीभर बांबू उचलून घरी जाऊन जेवून झोपायचे, तरी आमचे वडील अजून एका मोळीपाशी उकिडवे बसलेले असायचे. गळाच्या एका काठीसाठी ते मोळीतला प्रत्येक बांबू ओढून काढत, बोटावर आडवा ठेवत, शेंडा किती झुकतो ते बघत आणि परत ठेवून देत. विकणारे आधी हसत, मग वैतागत. मी तर पहिल्यापासूनच वैतागलेली असे.

त्यांच्याकडे तीन काठ्या होत्या आणि तिन्हींची कामं ठरलेली होती. डोहाची काठी लांब, बारीक आणि हलकी. तिच्या दोरीला मोरपिसाच्या दांड्याची तरंगणी बांधायची आणि ती बुडते कधी हे बघत बसायचं. धारेची काठी बुडाशी जाड आणि शेंड्याला नरम, कारण वाहत्या पाण्यात शिशाचा गोळा तळाला टेकवून ठेवायचा असतो. तिसरी मरळीची, आखूड आणि राकट, शेवाळातून मासा एका झटक्यात बाहेर खेचायला. काम कुठलंही असो, मूठ धरली की काठी हातात पडून राहिली पाहिजे, हातानं तिला उचलून धरावं लागता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. शेंडा जड वाटला तर ते बुडाच्या पेरात चिमटी-चिमटीनं रेती भरत आणि चिंधीचं बूच मारत. एवढं सगळं करून मासा घरात यायचा नाहीच. आई माळकरी होती. धरलेला मासा ते पाण्यात सोडून देत, नाहीतर नदीवर जो कोणी असेल त्याला देऊन मोकळे होत. खायचा नाही तर धरता कशाला, असं गावातला प्रत्येक माणूस त्यांना एकदा तरी विचारून गेला होता. त्यावर ते फक्त पान लावायचे.

मग त्यांना काचबिंदू झाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवू. तीही टिकली नाही. मी तेव्हा जळगावला मुलींच्या शाळेत शिकवत होते. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आबांना दिसेनासं होऊन काही महिने झाले होते, आणि घरात एक नवी वस्तू आली होती. ती म्हणजे खाटेच्या पायापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत बांधलेला सोल, जाड दोर. त्याला धरून आबा जायचे आणि यायचे. त्यापलीकडे ते ओट्यावरसुद्धा येत नसत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. अर्धी भाकरी खात, तीही आई म्हणते म्हणून. कोणी भेटायला आलं तर झोपेचं सोंग घेत. आधी गावभर ज्यांचा आवाज ऐकू यायचा ते आबा आता पाणीसुद्धा मागत नव्हते. हा माणूस असाच पडल्या पडल्या संपणार, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं आणि मी घाबरले.

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी एवढंच बोलले.

"माले एकदाव तापीवर लई जा."

आईनं ते चुलीपाशी ऐकलं आणि नाही म्हणाली. भाऊ, म्हणजे माझा मोठा भाऊ, शेतातून आला आणि तोही नाही म्हणाला. नदीला अजून पाणी होतं, आबांची नेहमीची जागा म्हणजे एक खडक आणि त्याच्या पुढ्यातच डोह. डोळस माणसं तिथे घसरतात, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण मला कोणी नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. नोकरी करू नको, लग्नाला नकार देऊ नको, सगळ्याला मी भांडूनच उत्तर दिलं होतं. मी म्हणाले, मी नेते, बघू काय होतं ते. दोन दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी आई तयार झाली, पण तिनं मला देवघरासमोर उभं केलं आणि स्वतःची शपथ घातली, नदीवर आबांचा हात एक क्षणही सोडायचा नाही म्हणून. मी शपथ घेतली. घेताना मला ती अगदी साधी गोष्ट वाटली.

मग काठ्या शोधायला लागले तर माळ्यावर काठ्याच नाहीत.

भावानं आधी उंदरांवर ढकललं, मग वाळवीवर. मी त्याला ओळखत होते. तशीच शेतात गेले. आमची बाग तेव्हा कापून झाली होती आणि केळीच्या घडांना लावलेले टेकू बांधावर रचून ठेवले होते. त्या ढिगात खालून तिसऱ्या-चौथ्या थरात मला डोहाची काठी सापडली, मग बाकीच्या दोन. उन्हाळ्यात वादळ आलं, घड भरलेले, टेकू कमी पडले, आणि भावानं हाताला लागेल तो बांबू झाडांना लावला. त्यातच ह्याही गेल्या. त्याचा हिशेब सरळ होता, आबांना दिसत नाही, म्हणजे काठ्या रिकाम्याच पडल्यात. केळी पिकवणारा माणूस बांबूकडे असंच बघतो. टेकूचा बांबू वाकायचा नसतो आणि गळाचा वाकून परत सरळ व्हायचा असतो. सहा-सात आठवडे घडाखाली उभ्या राहून तिन्ही काठ्यांना बाक आला होता, तो आता जाणार नव्हता. मी बांधावर उभी राहून भावाला इतकं बोलले की शेजारच्या शेतातली माणसं निंदणी थांबवून बघायला लागली. तो खाली मान घालून ऐकत होता, त्यामुळे मला आणखीच राग येत होता.

त्यातल्या त्यात बरी होती ती धारेची काठी. ती मी चुलीवर शेकली, दाबून दाबून सरळ केली, तेल लावलं आणि आबांच्या हातात दिली. मनात म्हटलं, दिसत नाही, कळणार नाही. म्हणजे भावाला शिव्या देऊन झाल्यावर मीही त्याच्याच हिशेबावर आले होते. आबांनी मूठ धरली, शेंडा हळूच भिंतीला टेकवून दाबला आणि सोडला. काठी सरळ व्हायला जरा वेळ लागला. तेवढ्यानं त्यांना कळलं.

"ह्या काठीनी मान मोडेल शे," ते म्हणाले. मग विचारलं, "केळीखाले लावी व्हती ना?"

त्यांनी काठी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. झालं, आता हा माणूस उठायचा नाही, असं मला वाटलं. आई माझ्याकडे बघत होती, जणू सगळं मीच केलं. भाऊ दारात बसून राहिला. दिवेलागणीला आबांचा आवाज आला, घड वाचला होता का म्हणून. भावानं सांगितलं, वाचला होता, चांगला भरला होता. आबा हुं म्हणाले आणि मला म्हणाले की उद्या बाजारात जा, पण एक बांबू आणू नको, सात-आठ आण, मी निवडतो. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, आमच्यात तशी पद्धत होती पण मला ते जमत नसे.

दुसऱ्या दिवशी ते खाटेवर बसले आणि मी एकेक बांबू त्यांच्या हातात देत गेले. दिसायला सरळ, पिवळाधमक, माझ्या मते सगळ्यात देखणा होता तो त्यांनी पहिल्यांदा बाजूला टाकला. त्यांना आता तरंगणी दिसणार नव्हती. म्हणजे डोहाच्या काठीचा खेळच संपला होता. आता डोहातसुद्धा शिसं तळाला टेकवून, दोरी बोटावर घेऊन, माशाचं तोंड लागलेलं हातालाच कळायला हवं होतं. त्यासाठी काठी धारेच्या काठीहून हलकी हवी, डोहाच्या काठीहून ताठ हवी, आणि तोल तर असा हवा की हाताला काठीचं वजनच जाणवू नये. कारण हात काठी पेलण्यात गुंतला तर बारीक टोचणी कळायची कशी. हे ते मला समजावून सांगत होते. किती दिवसांनी ते एवढं सलग बोलत होते! आई आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. अखेर एक बांबू त्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतला. बुडाकडून हातभर कापायला लावला, बुडाच्या पेरात रेती भरली, बोटावर ठेवला, थोडी रेती काढली, परत ठेवला. काठी त्यांच्या बोटावर आडवी राहिली. मग त्यांनी तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बांधायला घेतला, तो मात्र मला ओवून द्यावा लागला.

भावानं तेवढ्यात धुळ्याहून एक फायबरची काठी आणली, चरखी लावलेली, चकचकीत. किती पैसे मोडले ते त्यानं सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. आबांनी ती उशाशी ठेवून घेतली.

नदीवर आम्ही बैलगाडीनं गेलो, मी, आबा आणि भाऊ. थडीवर गाडी सोडून भाऊ वरच थांबला, तिथून त्याला खडक दिसत होता. मी आबांचा उजवा दंड धरून त्यांना खाली उतरवलं. वाट घसरडी होती. माझी बोटं त्यांच्या दंडात रुतत होती, पण मी सैल करत नव्हते. खडकावर आल्यावर त्यांनी पाय आपटून जागा ओळखली आणि हसले. पुढ्यात दोन-तीन पावलांवर खडक संपत होता आणि तिथून पाणी एकदम काळं होत होतं. डावीकडे वाळूची उतरंड होती, तिथे पाणी मातकट आणि उथळ दिसत होतं.

त्यांचा दंड काखेत दाबूनच मी गांडूळ लावून दिलं, त्यांनी गळ टाकला. दोरी बोटावर घेतली. मी दंड धरून उभी.

थोड्या वेळानं दोरी थरथरलेली मला दिसली. त्यांना कळली नाही. मी सांगेपर्यंत मासा आमिष खाऊन गेला होता. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी झटका दिला पण फार उशिरा. शेंडा जड झालाय म्हणाले. मी एका हातानं ओली रेती घेऊन बुडात भरली, दुसरा हात दंडावरच. मग म्हणाले, आता बुड जड झालं. काढली. परत शेंडा जड. मग बरोबर आणलेली फायबरची काठी मागितली. ती हातात घेऊन बराच वेळ बसले आणि मुकी आहे म्हणून परत केली. ऊन चढत होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा हळूहळू पुन्हा घरातल्यासारखा होत होता. ते मला बघवत नव्हतं. वरून भाऊ पुन्हा पुन्हा विचारत होता, निघायचं का.

मग आबांनी दोरी गुंडाळायला घेतली. चल घरी, म्हणाले, डोळे होते तोवर हात होता, आता काही राहिलं नाही. त्यांचा आवाज इतका शांत होता की मला रडू फुटेल असं वाटलं. आत्ता परत गेलो तर ते पुन्हा कधी खाटेवरून उठणार नाहीत, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हणत होते की अजून एकदा, आबा, एकदाच. ते ऐकत नव्हते.

दोरी गुंडाळायला त्यांनी काठी डाव्या हातात घेतली. डावा हात मोकळा होता, तो मी धरलेला नव्हता. गुंडाळता गुंडाळता ते थांबले. काठी डाव्या बोटावर आडवी ठेवली. ती हलली नाही. उजव्या बोटावर घेतली, कलंडली. परत डाव्या बोटावर, तशीच स्थिर.

"काठी बरोबर शे," ते म्हणाले. "तुना हात जड शे. सोड माले."

मी वर बघितलं. भाऊ गाडीशी उभा राहून आमच्याकडेच बघत होता. मला आईची शपथ आठवली, देवघर आठवलं, आणि पुढ्यातलं काळं पाणी तर समोरच होतं. ते घसरले तर मी त्यांना ओढू शकेन का, ह्याचा विचार केला. मला पोहता येत नव्हतं. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. आबा वाट बघत राहिले.

मी हात सोडला. सोडल्यावर काय करायचं ते कळेना म्हणून दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला.

वरून भावाची हाक आली. मी त्याला हातानं थांब म्हणून खूण केली. आबांनी गळ पुन्हा टाकला, दोरी बोटावर घेतली आणि मान जराशी कलती केली. त्यांचा चेहरा ऐकणाऱ्या माणसासारखा झाला. किती वेळ गेला सांगता यायचं नाही. मग मला काही दिसायच्या आधीच त्यांनी मनगट उचललं, फार जोरात नाही, आणि काठी शेंड्यापासून निम्म्यापर्यंत वाकली.

मासा मोठा होता. चरखी नव्हती, म्हणजे दोरी जेवढी होती तेवढीच, आणि तो पुढे ओढायला लागला की माणसाला त्याच्यामागे जाण्यावाचून इलाज नव्हता. आबांनी एक पाय पुढे टाकला. मग दुसरा. मी ओरडले नाही, माझा आवाजच फुटेना. भाऊ वरून धावत सुटला होता, त्याच्या पायाखालची माती ढासळत खाली येत होती. आबा खडकाच्या कडेला होते आणि काठी पुढे धरून त्यांनी मला विचारलं,

"पानी कसं शे पुढे?"

तेव्हा मला आवाज फुटला. मी सांगितलं, पुढे काळं आहे, जाऊ नका, डावीकडे वाळू आहे, डावीकडे वळा, अजून, अजून, आता उतार. ते वळले. बोलत राहा, म्हणाले. मी बोलत राहिले. इथे ओलं आहे, इथे दगड आहे, आता घोट्याएवढं पाणी, आता गुडघ्याएवढं. भाऊ धापा टाकत खाली आला आणि त्यांना धरायला पुढे झाला, तर मीच त्याचा हात मागे ओढला. इतका जोरात ओढला की त्याच्या सदऱ्याची शिवण उसवली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग तोही बोलायला लागला. उजवीकडे खड्डा शे आबा, असं म्हणाला. आम्ही दोघं काठावर उभे राहून दोन्हीकडून ओरडत होतो आणि मधे आबा काठीला कधी उभी, कधी आडवी करत माशाला दमवत होते. बांबू वाकायचा आणि परत यायचा.

शेवटी शिंगाळा वाळूवर आला, हातभर लांबीचा, काळपट. ह्या माशाच्या पाठीवर आणि बाजूला काटे असतात, ते रुतले तर हात सुजतो. मी काटा, काटा म्हणून सांगेपर्यंत आबांनी त्याच्या पोटाखालून हात घालून गळ काढलासुद्धा होता. थोडा वेळ त्याला तसाच धरून ठेवला. मग पाण्यात सोडला. भाऊ म्हणाला, एवढा मोठा होता, कुणाला तरी दिला असता. आबांनी धोतर पिळलं आणि आणखी एक गांडूळ मागितलं.

घरी यायला दुपार कलली. आई ओट्यावरच बसलेली होती. आबांचं धोतर ओलं बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं मला विचारलं, हात सोडला नव्हतास ना. मी काही बोलायच्या आधी आबाच म्हणाले, "मीच सांगं तिले, सोड म्हनीसन." आईनं आत जाऊन भाकऱ्या थापायला घेतल्या. आबांनी दोन खाल्ल्या. माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही, माझं ताट मात्र तिनंच वाढलं. शपथ मोडली होती ती तिच्या जिवाची होती आणि मला रात्रभर तिचा श्वास ऐकत पडून राहावं लागलं, हेही खरं आहे.

सकाळी मी अंगणात दात घासत होते. आबा खाटेवरून उठले आणि सोलाकडे न जाता दाराकडे निघाले. ओट्यावर यायचं होतं त्यांना. आई सडा टाकत होती. तिनं बादली ठेवली आणि पदराला हात पुसत धावत आली, त्यांचा दंड धरायला हात पुढे केला. आणि मग तो हात तसाच हवेत राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. तिनं हात मागे घेतला, पदरात गुंडाळला, आणि दोन पावलं दूर उभी राहिली.

"पुढे पायरी शे," ती म्हणाली.

आबांनी पाय उचलला आणि खाली ठेवला.